बिनधुराचं उड्डाण आणि परंड्याची जमीन

विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी मुलुख मैदान तोफ एकेकाळी परंड्याच्या भुईकोट किल्ल्यात होती. 1549 मध्ये ती अहमदनगरला ओतली गेली, निजामशाहीच्या काळात परंड्याला आली आणि 1632 मध्ये मुरार जगदेवांनी ती आदिलशहाच्या राजधानीत नेली. वजन 55 टनांच्या घरात. हत्ती, बैल आणि शेकडो माणसं जुंपून हे धूड सीना-भीमेच्या मुलखातून ओढत नेलं गेलं.

आपल्याकडच्या विमानतळांवर सर्रास दिसणारं एअरबस ए-320 जातीचं विमान रिकामं असताना बेचाळीस-त्रेचाळीस टन भरतं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी परंड्यातून निघालेलं ते ओझं आजच्या रिकाम्या जेट विमानापेक्षा जड होतं. जमिनीवर असं ओझं ओढता येतं. वेळ लागतो, माणसं लागतात, पण ते पोचतं. हवेत मात्र प्रत्येक किलोची किंमत पहिल्या क्षणापासून मोजावी लागते. विजेवर उडणारी विमानं, हायड्रोजनची विमानं, उसापासून बनणारं विमान-इंधन यांबद्दल गेल्या काही वर्षांत जे काही घडलं, जे फसलं आणि जे टिकलं, ते सगळं या वजनाच्या हिशेबात बसवून पाहिलं की नीट उमगतं.

परंड्यात बसून विमानांचा विचार कशाला करायचा, असं कुणी विचारेल. तालुक्याच्या ठिकाणी रेल्वे नाही. गाडी पकडायला बार्शी किंवा कुर्डुवाडी गाठावी लागते. विमान म्हणजे पुणे, नाहीतर आता सोलापूर. तरीही हा विषय परंड्याचा आहे. जगातल्या विमानांचा धूर कमी करायला जे लागणार आहे, त्यातलं बरंचसं या पट्ट्यातल्या जमिनीवर आहे: ऊस, ऊन, वारा आणि मोकळ्या धावपट्ट्या. आणि यातलं काय द्यायचं, काय राखायचं, हे इथल्या माणसांनी समजून उमजून ठरवायला हवं.

बांधावरचं विमान

विजेवर उडणारं यंत्र परंडा तालुक्यात आलेलं आहे. ते तुरीवर, सोयाबीनवर आणि डोक्यावर गेलेल्या उसावर औषध फवारतं. फवारणीचा ड्रोन हे आपल्या शेतकऱ्याने हाताळलेलं पहिलं विद्युत विमान.

त्याचं काम जवळून बघण्यासारखं आहे. सहा हातांचा सांगाडा, प्रत्येक हाताच्या टोकाला एक मोटर आणि पंखा, पोटाखाली दहा लिटरची टाकी, डोक्यावर बॅटरीचा ठोकळा. औषध भरून तो उचलला की सगळं मिळून पंचवीस किलोच्या आत राहावं लागतं, कारण नियमांतला ‘लहान ड्रोन’ हा वर्ग तिथे संपतो. एका एकराला सात-आठ मिनिटं. पाठीवरच्या पंपाने फवारायचं तर एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी वाहून आणावं लागतं, ड्रोनला दहा लिटर पुरतं. उंच उसात माणूस शिरू शकत नाही, तिथे तो वरून जातो. विषारी फवारा अंगावर येत नाही, हा फायदा तर पैशात मोजता येणार नाही.

पण भरल्या टाकीने तो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं तग धरतो. मग खाली उतरवायचा, तापलेली बॅटरी काढायची, दुसरी बसवायची. म्हणून ड्रोनवाला एका बॅटरीवर कधीच येत नाही. गाडीत चार-पाच जोड असतात. आणि शेतात दिवसा वीज असेलच याचा भरवसा नसल्यामुळे अनेकदा त्याच गाडीत पेट्रोलचा जनरेटर असतो. ड्रोन पिकावर बिनधुराचा उडतो, आणि त्याची बॅटरी भरणारा जनरेटर बांधावर धडधडत धूर सोडतो.

या एका दृश्यात संपूर्ण विषय आहे. उड्डाण स्वच्छ आहे की नाही, हे आकाशाकडे बघून कळत नाही. ते जमिनीवर ठरतं: वीज कुठून आली, इंधन कशातून निघालं, त्यासाठी पाणी कुणाचं गेलं. दिल्ली असो की न्यूयॉर्क, जगातल्या प्रत्येक ‘शून्य उत्सर्जन’ उड्डाणाला हाच प्रश्न लावायला हवा.

2021 च्या ऑगस्टमध्ये देशात नवे ड्रोन नियम आले आणि परवान्यांचं जंजाळ बरंच सुटलं. 2023 च्या नोव्हेंबरात केंद्राने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली: 1,261 कोटी रुपये, सुमारे 15,000 महिला बचत गट, ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के किंवा जास्तीत जास्त 8 लाखांची मदत. बचत गटातल्या बाया पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन वैमानिक म्हणून शेतात उभ्या राहतात, हे ग्रामीण महाराष्ट्राने कधी कल्पिलेलं नव्हतं. या योजनेकडे माझं एकच मागणं आहे: ड्रोनसोबत सौर चार्जिंगची सोयही गटाला मिळावी. ऊन इथे फुकट आहे.

बॅटरीचं ओझं

मोठी विमानं विजेवर का उडत नाहीत, हे समजायला वीजबिलातलं युनिट पुरेसं आहे. विमानाच्या एक किलो इंधनात सुमारे 12 युनिट ऊर्जा असते. विमानात बसवता येईल अशा एक किलो बॅटरीत, तिचं आवरण आणि थंड ठेवण्याची व्यवस्था धरली, तर आज साधारण 0.2 युनिट. साठपट फरक. विजेची मोटर जेट इंजिनापेक्षा ऊर्जा फार काटकसरीने वापरते, त्यामुळे प्रत्यक्षात हा फरक पंचवीस-तीस पटींवर येतो. तरी तो प्रचंडच.

मुंबई-दिल्ली हे दोन तासांचं उड्डाण घ्या. ए-320 विमान त्यात पाच-साडेपाच टन इंधन जाळतं. तेवढंच काम बॅटरीकडून करून घ्यायचं तर ढोबळ हिशेबाने दीडशे टन बॅटरी लागेल. हे विमान प्रवासी, सामान, इंधन सगळं धरून जास्तीत जास्त 78 टनांपर्यंत उडू शकतं. म्हणजे जवळपास तीन मुलुख मैदान तोफा पोटात घालून त्याला उडायला सांगण्यासारखं आहे.

त्यात आणखी एक अडचण. पायी वारीला निघालेल्या माणसाची शिदोरी वाटेत खाल्ली की हलकी होत जाते. इंधनाचंही तसंच, उतरताना विमान हलकं झालेलं असतं. बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते. उड्डाणाच्या शेवटच्या मिनिटापर्यंत तिचं पूर्ण वजन वाहायचं आणि त्याच वजनानिशी धावपट्टीवर टेकायचं.

मग विजेवर लांब उडायचं तर काय करावं लागतं, हे स्वित्झर्लंडच्या ‘सोलर इम्पल्स 2’ ने दाखवलं. 10 मार्च 2015 रोजी हे विमान जगाच्या फेरीत अहमदाबादला उतरलं होतं आणि आठवडाभर थांबून वाराणसीकडे गेलं. पंखांचा विस्तार 72 मीटर, त्यावर 17,248 सौर घट, आणि सगळं वजन 2,300 किलो. त्यात माणूस एकच: बर्ट्रांड पिकार्ड आणि आंद्रे बोर्शबर्ग आळीपाळीने चालवत. जपानमधून हवाई बेटांपर्यंत बोर्शबर्ग सलग 117 तास 52 मिनिटं एकटे उडत राहिले. जुलै 2016 मध्ये अबूधाबीला फेरी पूर्ण झाली, इंधनाचा एक थेंब न वापरता. धैर्याची ही गोष्ट अजोड आहे. आणि तिने मर्यादाही दाखवली: एवढ्या मोठ्या पंखांवर एकच माणूस.

काय जमलं, काय फसलं

आज विजेची विमानं जिथे खरोखर उडतात, ती उड्डाणं छोटी आहेत.

स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीचं ‘वेलिस इलेक्ट्रो’ हे दोन आसनी विमान जून 2020 मध्ये युरोपच्या नियामकाकडून मान्यता मिळवणारं जगातलं पहिलं विद्युत विमान ठरलं. त्याच्या दोन बॅटऱ्यांत मिळून जवळपास 25 युनिट वीज मावते. त्यावर ते राखीव वेळ सोडून पाऊण-एक तास उडतं. त्याचं काम एकच: शिकाऊ वैमानिकाला धावपट्टीभोवती फेऱ्या मारायला लावणं.

कॅनडात हार्बर एअर या पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या कंपनीने डिसेंबर 2019 मध्ये आपलं जुनं बीव्हर विमान विजेच्या मोटरवर उडवलं. अमेरिकेतल्या बीटा टेक्नॉलॉजीजचं ‘आलिया’ विमान 2025 च्या जूनमध्ये ईस्ट हॅम्प्टनहून चार प्रवासी घेऊन न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरलं. अंतर साधारण 130 किलोमीटर. विजेचा खर्च आठ डॉलर, असं कंपनीने सांगितलं. याच विमानाने चाचणीत एका चार्जवर सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर कापलेलं आहे.

दुसरी बाजूही स्वच्छ सांगायला हवी. ‘ॲलिस’ हे नऊ आसनी देखणं विद्युत विमान सप्टेंबर 2022 मध्ये आठ मिनिटं उडालं. 2025 च्या सुरुवातीला ते बनवणाऱ्या ‘इव्हिएशन’ या कंपनीला काम थांबवावं लागलं. हवेत उभ्याने उठणाऱ्या विद्युत टॅक्सीचा गाजावाजा करणाऱ्या जर्मनीतल्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर या दोन्ही कंपन्या 2024 मध्ये दिवाळखोरीत गेल्या. हायड्रोजनच्या वाटेवर झिरोएव्हियाने जानेवारी 2023 मध्ये डॉर्नियर 228 विमान उडवून दाखवलं, त्यानंतर काही आठवड्यांतच युनिव्हर्सल हायड्रोजनने त्याहून मोठं डॅश 8. ही दुसरी कंपनी पुढच्याच वर्षी बंद पडली. एअरबसने 2035 साठी जाहीर केलेलं हायड्रोजन विमान 2025 मध्ये बरंच पुढे ढकललं. हायड्रोजन वजनाला हलका असला तरी जागा फार खातो, आणि द्रवरूपात ठेवायचा तर उणे 253 अंशांपर्यंत गार ठेवावा लागतो. त्यासाठी विमानच नव्हे, विमानतळही नवे बांधावे लागतील.

आपल्याकडे चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधून निघालेली ‘ई-प्लेन’ आणि बंगळुरूची ‘सरला एव्हिएशन’ या कंपन्या हवाई टॅक्सीच्या मागे आहेत. दुसरीचं नाव 1936 मध्ये एकटीने विमान उडवणाऱ्या सरला ठकराल यांच्यावरून ठेवलेलं आहे. पुण्याच्या सागर डिफेन्सने माणूस वाहून नेणारा ‘वरुण’ हा ड्रोन 2022 मध्ये दिल्लीत दाखवला: सव्वाशे किलोच्या आसपास वजन वाहण्याची क्षमता, पंचवीस किलोमीटर पल्ला. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली घोषणा 2025 च्या मे महिन्यात झाली: बंगळुरूची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा ‘ई-हंसा’ हे दोन आसनी विद्युत प्रशिक्षण विमान बनवणार आहे, किंमत सुमारे दोन कोटी रुपये, आयात विमानाच्या जवळपास निम्मी. याच घराण्यातल्या इंधनावर चालणाऱ्या ‘हंसा-एनजी’ च्या उत्पादनाचं काम मुंबईच्या पायोनियर क्लीन ॲम्प्स या कंपनीकडे गेलं आहे.

यादी वाचून एक गोष्ट लक्षात येते. ज्यांनी छोटं अंतर, थोडी माणसं, ठरलेलं काम घेतलं, ते टिकले. ज्यांनी पहिल्याच उडीत शहराच्या आकाशाचा ताबा घ्यायचं म्हटलं, ते बुडाले.

बार्शी लाइटचा धडा

हा धडा परंड्याच्या शेजाऱ्यांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मिळालेला आहे. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभारली. मोठ्या रेल्वेचा खर्च या मुलखाला परवडणार नाही, हे त्याने मान्य केलं आणि हिशेब उलटा मांडला: इंजिन असो की डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला गेल्यामुळे हलके रूळ पुरले, खर्च आटोक्यात आला, आणि ही गाडी पुढे 1911 मध्ये लातूरपर्यंत व 1927 मध्ये मिरजेपर्यंत गेली. बार्शीची बाजारपेठ वाढली त्यात या गाडीचा मोठा वाटा आहे.

हाच काल्थ्रॉप नंतर विमानांकडे वळला. 1910 मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून गेला. त्यानंतर काल्थ्रॉपने वैमानिकांचा जीव वाचवण्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार केली आणि पहिल्या महायुद्धात ती वापरातही आली. बार्शीच्या रुळांवर वजनाची काटकसर करणारा माणूस आकाशातही सुरक्षितता शोधत गेला.

त्याच्याकडून आजही घेण्यासारखं आहे ते हे: मुलखाला परवडेल असं यंत्र निवडा आणि त्याच्या वजनाच्या मर्यादेभोवती व्यवस्था उभी करा. विद्युत विमानाला हेच लागू आहे.

आपल्याकडे मोकळ्या धावपट्ट्या आहेत. 2009 मध्ये नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) हे पाच विमानतळ रिलायन्सला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. त्यानंतर धाराशिवला प्रवासी वाहतुकीचं स्वप्न रंगलं, पण आजही विमान पकडायचं तर धाराशिवकर बाहेरगावीच जातो. सोलापुरात 2023 च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, तेव्हा शहर दोन बाजूंना विभागलं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी, 9 जून 2025 रोजी, तिथून गोव्याचं विमान सुटलं. एक विमानसेवा यायला जिल्ह्याच्या सहकाराचा असा बळी लागावा का, हा प्रश्न अजून अनेकांच्या मनात आहे.

धाराशिव ते पुणे हवाई अंतर साधारण 230 किलोमीटर. छत्रपती संभाजीनगर दोनशे. सोलापूर साठ. मोठ्या जेटला ही अंतरं परवडत नाहीत, आणि नेमकी हीच विद्युत विमानाची अंतरं आहेत.

पण सर्वांत आधी यावं ते प्रशिक्षण विमान. बारामतीसारख्या ठिकाणी शिकाऊ वैमानिक दिवसभर धावपट्टीभोवती फेऱ्या घालतात. या छोट्या विमानांतल्या अनेकांचं इंधन म्हणजे एव्हगॅस, आणि त्यात अजून शिसं असतं. रस्त्यावरच्या पेट्रोलमधून आपण ते पंचवीस वर्षांपूर्वी हद्दपार केलं, आकाशातून नाही. धावपट्टीच्या आसपास राहणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हे इंधन जळतं. चार आसनी जुनं प्रशिक्षण विमान तासाला तीस-पस्तीस लिटर एव्हगॅस पितं. म्हणजे सत्तर-ऐंशी किलो कार्बन डायऑक्साइड. वेलिससारखं विमान तासाला पंचवीस युनिट वीज घेतं. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा कोळशाची वीज धरूनही उत्सर्जन अठरा किलोच्या आसपास राहतं, आणि धावपट्टीशेजारी सौर पॅनेल असतील तर जवळपास शून्यावर येतं. शिसं तर पहिल्या दिवसापासून शून्य.

उसाचं इंधन, सीनेचं पाणी

लांबच्या प्रवासाला बॅटरी पुरत नाही, म्हणून जग दुसऱ्या वाटेकडे वळलं आहे: शाश्वत विमान-इंधन. इंजिन तेच, टाकी तीच, फक्त इंधन खनिज तेलाऐवजी वनस्पतीपासून किंवा टाकाऊ तेलापासून. धुराड्यातून कार्बन तेवढाच निघतो, पण तो वनस्पतीने आधी हवेतूनच घेतलेला असतो.

या वाटेवरचं एक मोठं पाऊल महाराष्ट्रात पडलं. 19 मे 2023 रोजी एअर एशिया इंडियाचं विमान पुण्याहून दिल्लीला गेलं. त्याच्या टाकीत पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी शेतमालापासून तयार केलेलं इंधन इंडियन ऑइलमार्फत मिसळलेलं होतं. प्रमाण अगदी थोडं, एक टक्क्यापर्यंत. तरी देशी बनावटीचं असं इंधन वापरणारं भारतातलं ते पहिलं व्यावसायिक प्रवासी उड्डाण होतं. त्याआधी ऑगस्ट 2018 मध्ये डेहराडून-दिल्ली चाचणीत एका इंजिनाला जेट्रोफाचं इंधन दिलं गेलं होतं. केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 मध्ये 1 टक्का, 2028 मध्ये 2 टक्के आणि 2030 मध्ये 5 टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं आहे.

यात अल्कोहोलपासून विमान-इंधन बनवण्याची जी पद्धत आहे, तिचा कच्चा माल आपल्या दारात आहे. परंडा तालुक्यात ऊस आहे, सोनारीला कारखाना आहे, आजूबाजूच्या बार्शी, करमाळा, माढा पट्ट्यात तर कारखान्यांची रांग. इथेनॉलने कारखानदारीला हात दिला, तसा आता विमान-इंधनाने मिळेल, अशी चर्चा साखर परिषदांतून होते. ऊस उत्पादकाला चांगला दर मिळावा, यावर कुणाचं दुमत असणार? पण हिशेब पूर्ण मांडायला हवा.

एक टन उसाच्या रसातून साधारण 70 लिटर इथेनॉल निघतं. एक लिटर विमान-इंधनाला पावणेदोन लिटरच्या आसपास इथेनॉल लागतं. म्हणजे टनामागे चाळीस लिटर. ए-320 तासाला तीन हजार लिटर जाळतं. तेव्हा एका तासाच्या उड्डाणाला पंच्याहत्तर टन ऊस, चांगल्या पिकाचा जवळपास दोन एकर. त्या दोन एकरांना वर्षभरात लागणारं पाणी, हेक्टरी दोन कोटी लिटर धरलं, तर दीड कोटी लिटर.

आता परंड्याचं पाणी बघा. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी, साकत हे प्रकल्प कागदावर मोठा आधार आहेत, पण 2012-13 आणि 2015-16 च्या दुष्काळांत त्यांची काय दशा झाली, हे इथल्या चाळिशीच्या माणसाला विचारायची गरज नाही. छावणीत जनावरं नेऊन बांधलेली माणसं गावोगाव आहेत. टँकरच्या रांगेत ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या पाण्यावर उगवलेलं इंधन जाळून उडणाऱ्या विमानाला मी स्वच्छ म्हणणार नाही. कार्बनच्या खात्यात जमा दिसेल. पाण्याच्या खात्यात कर्ज चढलेलं असेल.

याचा अर्थ ही वाट बंद करावी असा नाही. मळी आहे, चिपाड आहे, पाचट आहे. तुरीच्या तुराट्या, सोयाबीनचं भुसकट, कापसाच्या पराट्या आहेत. पाचट आणि या काडीकचऱ्यातलं बरंचसं आज शेतात पेटवलं जातं. वापरलेलं खाद्यतेल आहे, ज्यापासून इंडियन ऑइलच्या पानिपत प्रकल्पात विमान-इंधन बनवण्याला 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. विमान-इंधन टाकाऊ मालापासून व्हावं, नवा ऊस लावून नव्हे. ही अट सरकारच्या धोरणात स्पष्ट शब्दांत असायला हवी, आणि ती घालून घेण्याचा आग्रह मराठवाड्याने धरायला हवा. पाणी आपलं आहे.

महापूर आणि मर्यादा

2025 च्या सप्टेंबरात हाच तालुका दुसऱ्या टोकाला गेला. सीनेला महापूर आला, परंडा तालुक्यातली गावं पाण्याने वेढली, छपरांवर अडकलेल्या माणसांना काढायला एनडीआरएफच्या बोटी आणि हेलिकॉप्टर आली. पिकं गेली, जनावरं गेली, जमिनीची माती खरवडून गेली.

त्या दिवसांत आकाशात घरघरणाऱ्या हेलिकॉप्टरच्या धुराची मोजदाद कुणी केली नाही, करूही नये. एका जागी तरंगत राहून माणसं वर ओढून घ्यायला प्रचंड शक्ती लागते, आणि तासन्‌तास ती पुरवणारी बॅटरी आज अस्तित्वात नाही. जीव वाचवणाऱ्या उड्डाणाला इंधन लागणार असेल तर ते जळू द्यावं. उलट, ते इंधन अशा कामांसाठी उरावं म्हणून बाकीची उड्डाणं विजेवर जायला हवीत. पुरात विद्युत ड्रोनलाही जागा आहे: अडकलेली माणसं शोधणं, औषधाची पिशवी पोचवणं, वेढलेल्या वस्तीवर दोरी टाकणं. प्रत्येक तहसीलकडे असे ड्रोन आणि ते चालवणारी प्रशिक्षित माणसं असायला काहीच हरकत नाही.

शिवाय दुष्काळ आणि महापूर आलटून पालटून येऊ लागले आहेत, हवामान बिघडत चाललं आहे, आणि त्यात विमानांच्या कार्बनचाही वाटा आहे; जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात तो अडीच टक्क्यांच्या आसपास. परंड्यातल्या बहुतेक माणसांनी विमानात पाऊलही ठेवलेलं नाही. त्या धुराची किंमत मात्र सीनाकाठचा शेतकरी वाहून गेलेल्या मातीने मोजतो आहे. म्हणून या विषयात बोलण्याचा पहिला हक्क त्याचा आहे.

ऊन आणि वारा कुणासाठी

भूम-वाशीच्या माळावरून जाताना पवनचक्क्या दिसतात. बालाघाटाच्या या पठारावर वारा चांगला आहे, ऊन वर्षातले बहुतेक दिवस लख्ख आहे. कौडगावला सौर प्रकल्प आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीला कोळशाचं वीज केंद्र आहे. विद्युत विमान या दोन्हींपैकी कशावर भरलं जाईल, त्यावर त्याचा स्वच्छपणा ठरेल.

पवनचक्क्यांच्या जमिनींवरून, रस्त्यांवरून, मोबदल्यावरून या भागात तक्रारी झाल्या आहेत, आंदोलनं झाली आहेत. तारा इथल्या शेतावरून जातात, वीज दूरच्या उद्योगाला जाते, आणि गावाला रात्रीच्या पाळीची वीज मिळते. स्वच्छ ऊर्जेचा असा कारभार टिकणारा नाही. ज्या गावच्या माळावर पातं फिरतं, त्या गावच्या पंपाला दिवसा वीज आणि त्या गावच्या ड्रोनला चार्जिंग मिळालं पाहिजे. मग उरलेल्या विजेवर पुण्याचं विमान भरा, आनंदाने भरा.

या सगळ्याचं तात्पर्य तीन मागण्यांत सांगता येतं. पहिली: राज्यातल्या प्रशिक्षण धावपट्ट्यांवर ई-हंसासारखी विद्युत विमानं आधी आणा, शिशाच्या इंधनाला मुदत घाला, आणि धावपट्टीशेजारच्या मोकळ्या जमिनीवर सौर पॅनेल लावा, धाराशिवची धावपट्टी त्यासाठी योग्य आहे. दुसरी: विमान-इंधनासाठी दुष्काळी तालुक्यांत एक गुंठाही नवा ऊस लावला जाणार नाही, टाकाऊ मालच वापरला जाईल आणि त्याचे पैसे थेट शेतकऱ्याला मिळतील, असा नियम करा. तिसरी: ड्रोन दीदींना बॅटरीसोबत सूर्य द्या.

यातली एकही मागणी अजून न लागलेल्या शोधाची वाट पाहत नाही. सौर पॅनेल आहेत, ड्रोन आहेत, धावपट्ट्या आहेत, दोन आसनी विद्युत विमानं उडू लागली आहेत, चिपाडाचे ढीग आहेत. दीडशे टनांच्या बॅटरीचं कोडं शास्त्रज्ञ सोडवतील तेव्हा सोडवतील. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत, कारखान्याच्या वार्षिक सभेत आणि ग्रामसभेत सुटण्यासारखं जे आहे, ते येत्या वर्षात हाती घेता येतं, आणि ते घ्यायला लावणं हे आपलं काम आहे.